रुमालाची मुदत

कराड–चिपळूण गाडीवर कंडक्टर म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढलेल्या नानांना भांडणं सोडवायचा कंटाळा कधी आला नाही. भांडण तरी कुठलं, ठरलेलंच. गाडी फलाटाला लागायच्या आत उघड्या खिडकीतून रुमाल, टोपी, भाजीची पिशवी, वेळप्रसंगी घरातलं सगळ्यात धाकटं पोर सीटवर जाऊन पडायचं. मग दारातून रेटारेटी करत आलेला एखादा गडी तो रुमाल उचलून खिडकीच्या गजाला अडकवायचा आणि ऐसपैस बसायचा. रुमालवाला आत आला की सुरू. "रुमाल दिसला न्हाई का?" "गाडी काय तुझ्या बापाची हाय?" शेवटी दोघंही नानांकडे बघायचे, कारण ट्रे आणि पंच नानांच्या हातात.

नानांचा न्याय महामंडळाच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हता, पण त्या मार्गावर सगळ्यांना पाठ होता. डबल बेल होईपर्यंत रुमालाचा मान राखायचा. कुणाला खाली पोराला पाणी पाजायचं असतं, कुणाला म्हातारीला हाताला धरून आणायचं असतं; तेवढा वेळ रुमाल म्हणजे माणूस. डबल बेल झाली आणि माणूस आला नाही, तर रुमाल नानांच्या खिशात आणि जागा जो उभा असेल त्याची. पाटणला, कोयनानगरला नानांना हाक मारून आपला रुमाल मागून नेणारे लोक होते. कुणी त्यावर कधी चिडलं नाही, कारण बेल सगळ्यांनाच ऐकू यायची.

२०१४ च्या डिसेंबरात नाना आणि माई बॉस्टनला गेले ते लेकीच्या बाळंतपणासाठी. मेघा आणि अभिजितराव डॉर्चेस्टर भागात एका तीनमजली लाकडी घरात मधल्या मजल्यावर भाड्याने राहत. त्या भागात अशी घरं रांगेने आहेत, एकावर एक तीन बिऱ्हाडं आणि प्रत्येकाला पुढे एक सोपा. गाडी ठेवायला घराची स्वतःची जागा बहुतेकांना नाही. गाड्या रस्त्याच्या कडेला, जिथे मिळेल तिथे. तळमजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांना आंघोळ घालायला, औषध द्यायला एक मदतनीस बाई रविवार सोडून रोज यायच्या. मूळच्या हैतीच्या. बॉस्टनच्या त्या अंगाला हैतीची माणसं बरीच आहेत.

माईंना आल्या दिवसापासून काम होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळ झाल्यावर त्याची आंघोळ. शेक-शेगडीचा बेत मात्र पहिल्याच दिवशी ओव्याच्या धुरीपाशी संपला, छतावरचं धुराचं यंत्र असं किंचाळलं की तिन्ही मजले सोप्यावर आले. नानांना काहीच काम नव्हतं. ते खिडकीत बसत. गुडघ्यांमुळे माईंना खाली बसता येत नसे, म्हणून अभिजितरावांनी त्यांच्यासाठी उंच पाठीची एक लाकडी खुर्ची आणली होती. त्या खुर्चीत बसून माई बाळाला तेल लावत. ही खुर्ची पुढे गोष्टीत येणार आहे.

सव्वीस जानेवारीपर्यंत त्या वर्षी बॉस्टनमध्ये बर्फ म्हणावा असा पडलाच नव्हता. नानांनी सकाळी कराडच्या झेंडावंदनाचे फोटो मोबाइलवर पाहिले आणि रात्री वादळ सुरू झालं. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपर्यंत दोन फुटांहून जास्त बर्फ. खाली रस्ता होता की नव्हता, कळत नव्हतं. रांगेने उशा ठेवाव्यात तसे नुसते उंचवटे दिसत होते. त्यातला एक अभिजितरावांची गाडी.

गाडी उकरणं हे काम वर्णन करून कळत नाही, तरी सांगतो. टपावरचा, काचांवरचा बर्फ हलका असतो, तो झुरळ झटकल्यासारखा उडवता येतो असं पहिल्या पाच मिनिटांत वाटतं. मग नगरपालिकेचा प्लाऊ जातो. तो रस्त्याच्या मधला बर्फ कडेला लोटतो, म्हणजे तुमच्या गाडीच्या अंगावर. मीठ, वाळू आणि चिखल मिसळलेली, कमरेएवढी करडी भिंत. ती रात्रीतून गोठते. तिला फावडं लागत नाही, नुसता ठणका मनगटात येतो. आणि ती फोडली तरी तो माल टाकायचा कुठे? रस्त्यावर टाकायला शहराचा कायदा मनाई करतो आणि दंड लावतो. फुटपाथवर टाकावा तर फुटपाथ घरमालकाने बर्फ थांबल्यापासून तीन तासांत, रात्री पडला असेल तर उजाडल्यापासून तीन तासांत, बेचाळीस इंच रुंद मोकळा केलाच पाहिजे, असाही कायदा आहे. बेचाळीस इंच म्हणजे चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट. नानांनी शहराचं ते पत्रक कुठूनसं मिळवलं होतं आणि मेघाच्या जुन्या डिक्शनरीसह ते दोन दिवस वाचत बसले होते. परिपत्रक वाचायची सवय जात नाही.

अभिजितराव त्या दिवशी तीन तास उकरत होते. नानांना मेघाने दारातच अडवलं, "नाना, तुम्ही फावड्याला हात लावायचा नाही. तुमच्या वयाची माणसं इथे बर्फ उकरताना हार्ट अटॅकने जातात." नाना वरून बघत राहिले. जावयाचं फावडं शेवटी शेवटी कुठे रिकामं होतंय याकडे त्यांचं लक्ष गेलं. पहिला तास तो माल कुंपणाच्या आत जात होता. दुसऱ्या तासाला तो फुटपाथच्या कडेला जाऊ लागला. तिसऱ्या तासाला हात जिथे पोचेल तिथे. कोपऱ्यावरचा आगीच्या बंबाचा नळ होता, तो दिसेनासा झाला.

गाडी निघाली, जागा मोकळी झाली. आता दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेल्यावर ती जागा कुणी घेतली तर? तेव्हा समोरच्या घरातले आजोबा सोप्यावरून ओरडले, की खुर्ची ठेव, खुर्ची! ते जन्मापासून त्याच गल्लीत राहिलेले, सत्तरी कधीच ओलांडलेली. गल्लीच्या रिवाजाचं शेवटचं न्यायालय तेच. ज्याने उकरली त्याची जागा, हे त्यांनी अभिजितरावांना समजावलं. त्यांच्या स्वतःच्या उकरलेल्या जागेत एक जुनं इस्त्रीचं टेबल आडवं उभं होतं. गल्लीत आणखी काय काय होतं: वाहतुकीचे नारिंगी शंकू, कचऱ्याचे पिंप, बिघडलेला टेबलफॅन, बागेतल्या घडीच्या खुर्च्या. अभिजितरावांनी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून पाहिली, ती वाऱ्याने दोन घरं पलीकडे गेली. म्हणून मग माईंची जड लाकडी खुर्ची खाली गेली.

"माझी खुर्ची रस्त्यावर?" माई म्हणाल्या.

"दोनच दिवस, माई," अभिजितराव म्हणाले.

नानांना मात्र ती खुर्ची बघून परक्या मुलखात पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं. हा तर रुमाल! त्यांनी अभिजितरावांना विचारलं, "ह्याची डबल बेल कधी होते?"

तीही होती. बॉस्टनच्या मेयर मेनिनोंनी २००५ च्या सुमारास या रिवाजाला मुदत घातली. शहराने बर्फाची आणीबाणी उठवल्यापासून अठ्ठेचाळीस तास खुर्ची चालेल, पुढे कचऱ्याची गाडी ती उचलून नेईल. दक्षिण बॉस्टनच्या नगरसेवकाने तेव्हा याला कडाडून विरोध केला होता. ज्याने घाम गाळला त्याला दोन दिवस पुरत नाहीत, असं त्या भागाचं म्हणणं. साउथ एन्ड नावाच्या मोहल्ल्याने उलट टोक गाठलं, नानांच्या त्याच हिवाळ्यात तिथल्या रहिवाशांनी खुर्च्या अजिबात नकोत असं ठरवलं. मला स्वतःला मेनिनोंचा तोडगा शहाणपणाचा वाटतो. रस्ता सगळ्यांचा हे खरं, आणि तीन तास उकरलेल्या माणसाची जागा भलत्याने पाच मिनिटांत घ्यावी यात न्याय नाही हेही खरं. दोन्ही खऱ्यांच्या मध्ये घड्याळ ठेवलं की बरीच भांडणं होतच नाहीत. नानांनाही अठ्ठेचाळीस तास पसंत पडले. "जरा जास्तच दिलेत," एवढंच ते म्हणाले.

अडचण आली ती आभाळाकडून. दोन फेब्रुवारीला पुन्हा सोळा इंच. सातला पुन्हा सुरू झालं ते दहापर्यंत चाललं. व्हॅलेंटाइनच्या रात्री चौथं वादळ. प्रत्येक वादळाबरोबर नवी आणीबाणी, आणीबाणी उठली की नवे अठ्ठेचाळीस तास, आणि ते संपायच्या आत पुढचं वादळ. त्या एका फेब्रुवारीत चौसष्ट इंचांहून जास्त बर्फ पडला. अख्ख्या हिवाळ्याचा आकडा एकशेदहा इंचांवर गेला आणि शहराचा १९९५-९६ चा विक्रम मोडला. लोक दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ढिगांत उड्या मारू लागले, तेव्हा मेयर वॉल्श यांना तो मूर्खपणा थांबवा म्हणून जाहीरपणे सांगावं लागलं. दक्षिण बॉस्टनमधल्या अरुंद गल्ल्या तात्पुरत्या एकदिशा कराव्या लागल्या, कारण दोन्हीकडच्या भिंतींमधून दोन गाड्या जाईनात. शहराने बर्फ ट्रकांनी उचलून मोकळ्या जागांवर नेऊन टाकला. बंदराजवळचा एक ढीग चौदा जुलैपर्यंत वितळत होता.

आणि माईंची खुर्ची दोन दिवसांसाठी गेली होती ती परतलीच नाही. माई उलट्या बादलीवर बसून बाळाला आंघोळ घालू लागल्या. अभिजितराव रोज सकाळी गाडी काढून खुर्ची ठेवत, संध्याकाळी खुर्ची उचलून सोप्यावर आणि गाडी जागेवर. पहिल्या आठवड्यात ते "मी उकरलेली जागा" म्हणत. दुसऱ्या आठवड्यात "माझी जागा". नंतर तर वादळ झाल्यावर प्लाऊचा थर काढायला त्यांना अर्धा तास पुरू लागला, कारण मूळ खड्डा तयारच होता, तरी हक्क पहिल्या तीन तासांचाच चालू. नानांनी हे पाहिलं, पण बोलले नाहीत. जावयाच्या घरी पाहुणा किती बोलणार?

ते हैतीच्या बाईंकडे बघत. त्या बसने येत, कोपऱ्यावर उतरत, आणि तिथून घरापर्यंतचा फुटपाथ ढिगांनी खाल्लेला असल्यामुळे रस्त्याच्या मधून चालत. मागून गाडी आली की भिंतीला पाठ लावून उभ्या राहत. दोन्ही हातांत पिशव्या. गल्लीत चार-पाच जागा दिवसभर मोकळ्या असत, प्रत्येकीत एकेक वस्तू बसलेली.

दहा फेब्रुवारीला शहराची लोकल, तिथले लोक तिला 'टी' म्हणतात, दिवसभर बंद राहिली. बस कुठे होत्या, कुठे नव्हत्या. हैतीच्या बाई त्या दिवशी भावाची गाडी मागून आल्या. दोन फेऱ्या मारून जागा मिळेना, तळमजल्यावरच्या बाईंचं इन्सुलिन चुकत होतं. नानांनी वरून पाहिलं. बाईंनी माईंची खुर्ची उचलली, बर्फ झटकला, सोप्यावर नेऊन भिंतीला टेकवून ठेवली आणि गाडी त्या जागेत लावली. अर्ध्या तासाचं काम. पण आत म्हातारीला बरं नव्हतं, अर्ध्या तासाचे दोन झाले.

नेमके त्याच दुपारी अभिजितराव मेघाला आणि बाळाला डॉक्टरकडून घेऊन आले. तीन आठवड्यांचं बाळ गाडीत, वारा सुऱ्यासारखा, आणि जागेत परकी गाडी. त्यांनी दोघांना दारात उतरवलं, तीन गल्ल्या पलीकडे गाडी लावली, येताना बर्फावर घसरून गुडघ्यावर पडले. घरी आले ते वर न येता सरळ फावडं घेऊन. टायर फाडणारे, गाडीवर पाणी ओतून ती गोठवणारे लोक त्या शहरात होऊन गेले आहेत. अभिजितराव त्यातले नव्हते. ते शिकलेले, सज्जन, कोडची चूक तीन दिवस शांतपणे शोधणारे गृहस्थ. त्यांनी फक्त फुटपाथवरचा बर्फ उचलून त्या गाडीवर टाकायला सुरुवात केली. पुढून एक ढीग. बाजूने एक ढीग. मग मागून. ज्या हातांना बर्फ काढताना तीन तास लागले होते त्यांना टाकायला वीस मिनिटं लागली, आणि खोटं कशाला सांगू, त्या वीस मिनिटांत त्यांना बरं वाटत होतं.

नानांचं वरून लक्ष गेलं ते मागचा ढीग पाहून. कोट घातला, कानटोपी ओढली, सोप्यावरचं लहान प्लॅस्टिकचं फावडं घेतलं आणि ते गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन गुडघ्यावर बसले. न बोलता उकरू लागले.

"नाना, काय करताय? ठेवा ते!"

"नळी," नाना म्हणाले. "धुराची नळी मोकळी पाहिजे. पत्रकात लिहिलंय. आतून बाई येतील, थंडीत आधी इंजिन सुरू करतील, काचा साफ होईपर्यंत आत बसतील. नळी बुजलेली असली तर धुरातला विषारी वायू आत जातो. त्याला वास नसतो म्हणे."

अभिजितराव उभेच राहिले. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. दर हिवाळ्याला बातम्यांत सांगतात. ते त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं एवढंच.

नानांचा श्वास लागला होता. वरच्या खिडकीत मेघा काच वाजवत होती, हातवारे करत होती. अभिजितरावांनी सासऱ्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं. आता दोघांपैकी एकाला तरी ते काम पुरं करायलाच हवं होतं. त्यांनी मागचा ढीग काढला, मग बाजूचा, मग पुढचा. यावेळी माल कुंपणाच्या आत गेला, फावड्यामागून फावडं, दहा पावलं चालून. नाना सोप्याच्या पायरीवर बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "तो नळपण दिसू द्या. आगीचा." तोही उकरला.

शेवटचं फावडं चालू असताना हैतीच्या बाई बाहेर आल्या. आपल्या गाडीभोवतीचा बर्फ काढणारा हा घामाघूम माणूस पाहून त्यांना भरून आलं. प्लाऊने गाडी पुरली असणार आणि या भल्या शेजाऱ्यांनी ती मोकळी केली, असाच त्यांचा समज झाला. त्यांनी अभिजितरावांचा हातमोज्यातला हात दोन्ही हातांत घेतला, देवाचे आशीर्वाद दिले, खुर्ची हलवल्याबद्दल तीनतीनदा माफी मागितली. अभिजितराव "नो, नो" म्हणत राहिले. त्यांचा चेहरा थंडीने लाल झाला असावा. त्यांनी काही सांगितलं नाही, आणि नानांनीही नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर नानांनी मेघाकडून एक कोरा कागद आणि पट्टी मागून घेतली. कंडक्टर सीटकडे कसा बघतो हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. प्रवाशाला वाटतं, सीट आपली. कंडक्टरला दिसतं की कराडला बसलेला पाटणला उतरतो, पाटणचा कोयनानगरला, कोयनेचा घाट उतरून चिपळूणला. सीट एक आणि एका फेरीत तिकिटं तीन. भाडंसुद्धा टप्प्याने, सहा किलोमीटरला एक. नानांनी गल्लीचं तसंच रेखाटन केलं. उभ्या रकान्यांत तास, आडव्या ओळींत गाड्या. जागांचे आकडे. अभिजितरावांची जागा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा रिकामी. वरच्या मजल्यावरच्या व्हिएतनामी कुटुंबातला मुलगा रात्रपाळीला, तो सकाळी नऊला येतो आणि जागा शोधत फिरतो. हैतीच्या बाईंना, भावाची गाडी असेल तेव्हा, नऊ ते दहा आणि चार ते पाच. तिथे नानांचं पेन थांबलं.

"ह्या बाईंचं नाव काय?"

अभिजितराव आणि मेघा एकमेकांकडे पाहत राहिले. दोन वर्षं रोज जिन्यात दिसणारी बाई. दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतः विचारून आणलं, रोझलीन. मग कागद पुरा झाला.

तो कागद गल्लीने डोक्यावर घेतला असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. व्हिएतनामी मुलगा हसला आणि लगेच तयार झाला. त्याच्या आईने बाळासाठी विणलेली टोपी दिली. तीन घरं सोडून एकजण म्हणाला, आपण कुणाचं ऐकत नाही, आणि दार लावून घेतलं. एकीने कागद घेतला, पुन्हा दिसली नाही. समोरच्या आजोबांनी तर सोप्यावरून हातच झटकला: चाळीस वर्षं उकरतोय, मला वेळापत्रक शिकवू नकोस. त्यांच्या जागेच्या ओळीत नानांनी प्रश्नचिन्ह घातलं होतं, कारण इस्त्रीच्या टेबलामागे गाडी उभी राहिलेली त्यांना एकदाही दिसली नव्हती. एक पोरगा दर वादळानंतर येऊन पैसे घेऊन ती जागा उकरून जाई, टेबल पुन्हा उभं राही. नाना मनात म्हणत, हा बसतही नाही आणि बसूही देत नाही. अशी माणसं त्यांनी गाडीत पाहिली होती.

तर दोन जागा आणि तीन गाड्या, एवढ्यांचंच वेळापत्रक जमलं. तेही रोज सुरळीत नाही. एकदा रोझलीनबाईंना उशीर झाला आणि अभिजितराव पंधरा मिनिटं गल्लीत गाडी चालू ठेवून, ओठ चावत थांबले. पण माईंची खुर्ची घरात आली. पायांना मीठ लागून पांढरी रेघ उठली होती, ती माईंनी कोमट पाण्याने पुसली आणि उलटी बादली न्हाणीघरात परत ठेवली.

मार्चच्या सुरुवातीला शहराने जाहीर केलं की आता पुरे, खुर्च्या उचलणार. बर्फ होताच, पण ढिगांना उतार लागला होता. एका सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीत आली. शंकू, पिंप, पंखा, घडीच्या खुर्च्या, एकेक उचलून मागच्या जबड्यात. आत काहीतरी कडाकडा मोडल्याचा आवाज यायचा. समोरचे आजोबा चपलांवरच बाहेर आले आणि इस्त्रीच्या टेबलाला धरून उभे राहिले. कामगार तरुण होता, अदबीने बोलत होता, पण सोडत नव्हता. अठ्ठेचाळीस तास केव्हाच होऊन गेले, तो म्हणत होता. आजोबांचा आवाज चढत होता आणि पाय घसरत होते.

नाना खाली गेले. त्यांनी टेबलाचा दुसरा पाय धरला, कामगाराला मान हलवून खूण केली की हे आत नेतो, आणि आजोबांना टेबलासकट रस्ता ओलांडून आपल्या सोप्यावर आणलं, तिथून वर. माईंनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, आल्याचा चहा दिला. चहाच्या दुसऱ्या घोटानंतर त्यांच्या मांडीवर बाळही दिलं. म्हाताऱ्याचे हात थंडीने कापत होते, बाळाला धरल्यावर ते आपोआप स्थिर झाले.

"तुमची गाडी कुठे असते?" नानांनी अखेर विचारलं. मेघाने इंग्रजीत सांगितलं.

गाडी नव्हतीच. डोळे अधू झाल्यावर दोन वर्षांपूर्वी विकली. जागा मुलीसाठी होती. ती वूस्टरला राहते, तासाभराच्या अंतरावर, रविवारी येते. गेल्या हिवाळ्यात एकदा आली, अर्धा तास गल्ल्या फिरली, कुठे जागा मिळाली नाही, तिने गाडीतूनच फोन केला, खिडकीत उभ्या बापाला हात केला आणि परत गेली. म्हणून जागा राखायची. या फेब्रुवारीत चारही रविवारी रस्ते बंद किंवा वादळ, ती आलीच नाही. टेबल उभं होतं.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. माईंना इंग्रजी कळत नव्हतं, त्यांना मेघाने नंतर सांगितलं, तेव्हा त्या नानांकडे रागाने बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही त्यांना प्रश्नचिन्ह घातलंत?"

नानांनी कागद काढला. घड्या पडून पडून तो मधोमध फाटायला आला होता. त्यांनी रविवारचा रकाना शोधला; तो रिकामाच होता, कारण रोझलीनबाईंची रविवारी सुट्टी आणि वरचा मुलगा झोपलेला.

"किती वाजता येते तुमची मुलगी?"

"अकरा," आजोबा म्हणाले. "येते तेव्हा."

"अभिजितराव," नाना म्हणाले, "तुम्ही रविवारी भाजी आणायला दहाला निघता. अकराला निघालात तर चालेल? ती गल्लीत शिरली की तुम्ही काढायची."

अभिजितरावांनी बाळाच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. "पावणेअकरा लिहा," ते म्हणाले. "लवकर आली तर तिला थांबायला नको."